सुरमई शिजेपर्यंत मैफल

चेन्नईत भाड्याने घर मागायला गेले की ठरलेले प्रश्न येतात. माणसे किती? नोकरी कुठे? शाकाहारी की मांसाहारी? आम्ही ज्यांच्यासाठी घर मागत असू त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट आपण होऊन सांगावी लागे: ही माणसे बरीच वर्षे मनोरुग्णालयात होती. हे वाक्य कॉफी येण्यापूर्वी सांगावे की नंतर, यावर आमच्या संस्थेत दोन मते होती. आधी सांगितले तर कॉफी येत नसे. नंतर सांगितले तर ती अर्धी टाकून उठावे लागे.

प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे एका मराठी दैनिकात बातम्या कापण्यात गेली. पत्नीची बँकेतली बदली चेन्नईला झाली, आणि मराठी मजकुरातली विशेषणे काढून टाकणाऱ्या माणसाला तिथे कोणी विचारीना. अड्यारच्या एका संस्थेला मात्र अहवाल लिहिणारा हवा होता. काही महिन्यांत अहवाल मागे पडले आणि नळाचा वॉशर, गॅसचा रेग्युलेटर, रेशनच्या रांगेतले भांडण ही खरी कामे पुढे आली. निवृत्तीपर्यंत तीच चालू होती.

काम साधे आहे, पण मराठीत त्याला नाव नाही. स्किझोफ्रेनियासारखा आजार गोळ्यांनी बराचसा आटोक्यात येतो. माणूस घरी जायच्या लायक होतो आणि तेव्हा लक्षात येते की न्यायला कोणीच येत नाही. मग वॉर्डच त्याचा पत्ता होतो. आमची संस्था अशा तिघाचौघांना एकत्र करून साध्या गल्लीतले साधे घर भाड्याने घेऊन देई. सोबत मदतीला एक बाई. डॉक्टर आणि नर्स अधूनमधून येत. बाकी सगळे म्हणजे डाळ, पाणी, वीज आणि टीव्हीचा रिमोट.

बाहेरच्यांना वाटते, या कामात सगळ्यात अवघड म्हणजे आरडाओरडा, मारामारी. प्रत्यक्षात अवघड असतो होकार. वॉर्डात बरीच वर्षे काढलेला माणूस सगळ्याला हो म्हणतो. नव्या घरात पहिल्या सकाळी आम्ही विचारीत असू, "इडली हवी की पोंगल?" उत्तर येई, "हो." पंखा लावू की बंद करू? "हो." हवे-नकोचा स्नायूच आखडून गेलेला असतो. म्हणून एखाद्या घरात रिमोटवरून पहिले भांडण झाले की मदतनीस बाई आनंदाने फोन करी आणि कार्यालयात कोणीतरी मैसूरपाक आणी. अहवालात मात्र "वादावादी झाली" एवढेच लिहिले जाई.

ज्या घराची ही हकिगत आहे त्यात दोघी राहत. एक रुक्मिणीबाई, तंजावरच्या शाकाहारी मराठी कुटुंबातल्या, साठी ओलांडलेल्या. दुसरी मेरी, कोवलमच्या कोळ्यांची, त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. वॉर्डात दोघींच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. बाहेर पडायची वेळ आली तेव्हा दोघींनी एकच अट घातली, आणि हो सोडून त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले वाक्य होते: एकत्र राहू. मदतीला सेल्वी होती, त्याच भागातली, मोठ्या आवाजाची आणि छोट्या रागाची.

रुक्मिणीबाईंशी पहिली ओळख झाली ती लेखकाच्या अपमानाने. आपल्याशी मराठीत बोलणारा माणूस भेटला म्हणून त्यांनी नीट ऐकून घेतले, आणि मग म्हणाल्या, "सार, तुमची मराठी चोखट नाही. अस्के शब्द तोडून टाकतां." अस्के म्हणजे सगळे. वृत्तपत्राच्या कोणत्याही संपादकाने इतका अचूक अभिप्राय दिला नव्हता.

मेरीच्या कानात एक आवाज होता. गोळ्यांनी बाकीचे गेले, हा एक राहिला. तो तिला फक्त समुद्राची खबर देई. आज पाणी चढले आहे, आज होड्या सोडू नका. डॉक्टरांनी विचारले, "त्रास होतो का?" मेरी म्हणाली, "रेडिओचा होतो का?" विषय तिथेच मिटला.

घर मिळाले ते राघवन सारांचे. रेल्वेतून निवृत्त, विधुर, मुले परदेशात. ते स्वतः वरच्या मजल्यावर राहत आणि तळमजला भाड्याने देत. आम्ही त्यांना कॉफीआधी सगळे सांगितले. आजार, गोळ्या, मेरीचा आवाज, काही लपवले नाही. राघवन सारांनी डोळे मिटून ऐकले. वाटले, आता उठावे लागणार. त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "ते सगळं असू दे. मासे तळणार नाहीत ना?"

करारात तसे कलम पडले. मांसाहार शिजणार नाही. आम्ही मेरीला विचारले. मेरी म्हणाली, "हो."

पहिले महिने घराचे नाव गल्लीत चांगले झाले, आणि ते रुक्मिणीबाईंमुळे. पहाटे उठून त्या फाटकापुढे सडा घालीत आणि तांदळाच्या पिठाचे कोलम, म्हणजे रांगोळी, काढीत. फाटक एकच असल्यामुळे कोलम राघवन सारांचेही होई. पत्नी गेल्यापासून त्यांच्या दारात प्लास्टिकचे चिकटवलेले कोलम होते. ते त्यांनी एक दिवस खरवडून काढले. मग संध्याकाळी वर रसम जाऊ लागले. वॉर्डात जेवण साडेपाचला येई, म्हणून या दोघी साडेपाचलाच जेवत. राघवन सारही हळूहळू साडेपाचला जेवू लागले. कोण कोणाचे पुनर्वसन करीत आहे, हे त्या काळात सांगणे कठीण होते.

त्याच सुमारास मेरीला बसचा प्रवास शिकवायचे ठरले. अड्यार डेपोपर्यंत सेल्वीबरोबर, मग सेल्वी मागच्या आसनावर, मग सेल्वी थांब्यावर आणि मेरी एकटी. जमले. कार्यालयात मैसूरपाक आला. स्वतंत्रपणे प्रवास करणाऱ्या व्यक्तीला कुठेतरी जायचेही असते, हा मुद्दा बैठकीत कोणी मांडला नाही.

एका सकाळी मेरी भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडली आणि बसने सरळ कोवलमला गेली. तिथे तिचा भाऊ राहतो. संस्थेने मागे त्याला गाठले होते. त्याने हात जोडून सांगितले होते, घरात जागा नाही, तिला आणू नका. मेरीला हे माहीत होते. ती घराकडे गेलीच नाही. होड्या लागतात तिथे वाळूत जाऊन उभी राहिली. मासे निवडत बसलेल्या भावजयीने तिला ओळखले आणि ती घाबरून उठली. इतकी वर्षे तिने मनात उत्तरे तयार ठेवली असणार: खोली नाही, मुलींची लग्ने आहेत, लोक काय म्हणतील. मेरीने विचारले, "वंजरम आहे का?"

वंजरम म्हणजे आपली सुरमई. भावजयीने एक चांगली मोठी निवडून दिली, वर बर्फ घातला आणि थांब्यापर्यंत सोडायला आली. हे सगळे नंतर मेरीनेच सांगितले, सुरमईचे वर्णन अधिक तपशिलाने.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मासा घेऊन चढायचं नाही, उतर." मेरी म्हणाली, "नाही." हा त्या दिवसातला पहिला नकार. तो कार्यालयाच्या दृष्टीने ऐतिहासिक होता, पण कार्यालयाला त्याचा पत्ता नव्हता. सेल्वी त्या वेळी सगळ्या गल्ल्या पालथ्या घालून रडवेली झाली होती. मेरी घरात शिरली, सेल्वीला म्हणाली, "चिंच भिजव," आणि कोयता मागितला.

मीन कुळंबु, म्हणजे चिंचेतले माशाचे कालवण, उकळू लागले की त्याला मजल्यांचे बंधन राहत नाही. सेल्वीचा फोन आला तेव्हा लेखक जवळच कार्यालयात होता. पोहोचला तेव्हा तिघी स्वयंपाकघरात उभ्या होत्या, कालवण झाकून ठेवलेले होते आणि राघवन सार उंबऱ्याबाहेर उपरण्याने नाक झाकून उभे होते.

इथे काय पणाला लागले होते ते सांगणे आवश्यक आहे. हे घर गेले असते तर दुसरे हाताशी नव्हते. दोन वेगवेगळ्या घरांत एकेक जागा रिकामी होती, म्हणजे दोघींची ताटातूट. नाहीतर परत वॉर्ड. आमच्या पुरुषांच्या एका घराला शेजाऱ्यांनी हाकलले, तेव्हा वेलू नावाचा गृहस्थ असा परत गेला होता. इथे असताना तो चहात साखर किती यावरून तावातावाने भांडे. वॉर्डात भेटायला गेलो तेव्हा विचारले, "चहा घेणार की कॉफी?" वेलू म्हणाला, "हो." त्या दिवसाच्या अहवालात काय लिहावे ते लेखकाला सुचले नाही.

राघवन सार लेखकाकडे वळले. ते तमिळमध्ये सावकाश, साक्षीला उभे राहिल्यासारखे बोलत.

"मी कठोर माणूस नाही. आजारात माणसाच्या हातून काहीही होतं, ते मला समजतं. हिच्या कानात आवाज येतो, तुम्हीच सांगितलंत. त्या आवाजानंच सांगितलं ना हिला, मासा आण म्हणून?"

सेल्वीने भांड्यावरचे झाकण घट्ट दाबले.

"तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही. डॉक्टर गोळी वाढवतील. विषय संपला. घर तुमचंच."

दरवाजा सताड उघडा होता. आजाराने केले, एवढे म्हटले की सगळे सुटत होते. सेल्वी मेरीच्या कानाशी पुटपुटली, "अक्का, हो म्हण." लेखकानेही, हे नोंदवले पाहिजे, मेरीकडे अपेक्षेने पाहिले. तिने आजवर आयुष्यभर हो म्हटले होते. आणखी एक फार नव्हता.

मेरी म्हणाली, "तो?"

"कोण तो?"

"कानातला. तो समुद्राचं सांगतो. त्याला स्वयंपाकातलं काय कळतं? मला खायचं होतं. मी गेले, मी आणलं, मी केलं."

राघवन सारांच्या हातून उपरणे खाली आले. तेवढ्यात रुक्मिणीबाई पुढे झाल्या.

"सार, तिनं नाही. मी केलं."

"तुम्ही?" राघवन सारांनी एकदा त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिले आणि एकदा झाकलेल्या भांड्याकडे. "तुम्ही मासा केलात?"

"मीच."

आता घर बहुधा वाचले असते. रुक्मिणीबाईंना घराबाहेर काढण्याची राघवन सारांची हिंमत नव्हती. उद्या फाटकापुढे कोलम कोण काढणार होते? पण मेरी उसळली.

"हिनं? हिला मासा कुठल्या बाजूनं कापतात ते तरी ठाऊक आहे का? सार, हिनं केलं असतं तर त्यात तुरीची डाळ निघाली असती!"

"मूर्खे, मी तुला वाचवते आहे."

"मला नको वाचवू. कालवण माझं आहे."

"तुझं आहे तर चिंच एवढी का ओतलीस? इथपासून डेपोपर्यंत वास गेला. गुपचूप करायचं असतं ते!"

"गुपचूप कशाला? चोरलाय का मी?"

वॉर्डात इतकी वर्षे शेजारी शेजारी निजलेल्या या दोघींचे हे पहिले भांडण. ते एका गुन्ह्याच्या मालकीवरून होते, आणि दोन्ही पक्ष कबुली देत होते. राघवन सारांनी रेल्वेत अनेक चौकशा चालवल्या असतील. असे प्रकरण त्यांच्यापुढे आले नसावे. त्यांनी उपरणे खांद्यावर टाकले. मग म्हणाले, "पोंगलचा सण झाला की करार संपतो. तेव्हा बघू," आणि वर निघून गेले. घरमालकाच्या भाषेत बघू म्हणजे काय, ते चेन्नईतला प्रत्येक भाडेकरू जाणतो.

मग आम्ही चौघांनी पाने घेतली. रुक्मिणीबाई ताकभात घेऊन पाठ फिरवून बसल्या. लेखक मूळचा मालवणचा. कालवण उत्तम झाले होते आणि चिंच बरोबर होती, एवढी नोंद वस्तुनिष्ठतेला धरून होईल.

त्या संध्याकाळी रसमचे भांडे वरून परत आले, भरलेलेच.

पुढचे काही आठवडे वर आणि खाली अबोला. वरून करपलेल्या फोडणीचा वास येई. रुक्मिणीबाई खालून हळहळत, "मोहरी पाहतां पाहतां पेपर वाचतात, दुसरं काय." त्यांनी सेल्वीकडून मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापलीकडे वेगळी चूल, वेगळे भांडे, वेगळी पळी अशी व्यवस्था करून घेतली आणि निकाल दिला: स्वयंपाकघर शुद्ध झाले, मासा इथून पुढे बाहेर. पण अंगण बाहेर असले तरी वरची खिडकी तिथेच होती, आणि राघवन सार दिवसभर घरीच असत.

मग मार्गळी महिना लागला. बाहेरच्या वाचकांसाठी: डिसेंबर-जानेवारीच्या या महिन्यात चेन्नईत सभागृहासभागृहांतून शास्त्रीय गायनाच्या मैफली होतात आणि राघवन सारांसारखी माणसे दुपारी इस्त्रीचे वेष्टी-धोतर नेसून घराबाहेर पडतात ती रात्रीच उगवतात. मेरीच्या हे तिसऱ्या दिवशी ध्यानात आले. चौथ्या दिवशी सेल्वी पेपरातले कार्यक्रम मोठ्याने वाचू लागली. आणि इथे रुक्मिणीबाईंचे तंजावरचे माहेर कामाला आले. त्यांच्या घरात गाणे होते. कोणता गायक किती वेळ गातो, याचा अंदाज त्या आजही देऊ शकत.

"हा पोरगा बेगीन उरकतो," त्या म्हणत. "शेवटचा तिल्लाना घाईत. याच्या गाण्यात नेत्तिलीच तळून होईल." नेत्तिली म्हणजे बोटाएवढी मासळी. "उद्याच्या बाई एकेक पल्लवी तासभर घोळवतात. उद्या वंजरम आण."

मेरी त्याप्रमाणे कोवलमची बस धरी. भावजय थांब्याजवळ उभी असे. एकदा भाऊही आला होता. पिशवीत दोन खेकडे टाकून गेला. मैफल संपायच्या आत चूल विझे, अंगण धुतले जाई, खिडक्या उघडल्या जात आणि सेल्वी घरभर सांब्राणीचा, म्हणजे धुपाचा, धूर करी. राघवन सार रात्री परतत ते धुक्यात शिरल्यासारखे. एकदा ते जिन्यावरून एवढेच म्हणाले, "इतकी सांब्राणी देवळातसुद्धा जाळत नाहीत."

संस्थेचा माणूस म्हणून लेखकाने हे थांबवायला हवे होते. त्याने अहवालात लिहिले, "रहिवासी वेळेचे नियोजन एकत्रितपणे करतात." यात खोटे काही नव्हते.

मग व्हायचे ते झाले. पल्लवी घोळवणाऱ्या बाईंचा घसा बसला आणि मैफल रद्द झाली. सुरमई चुलीवर अर्धी शिजलेली, चिंच नुकतीच पडलेली, आणि फाटक वाजले. लेखक त्या दिवशी गळका नळ पाहायला आलेला, हातात पाना. सगळे जागच्या जागी उभे राहिले. राघवन सार फाटकात थांबले. वास तिथपर्यंत आलेला होता. त्यांनी सेल्वीकडे पाहिले, पान्याकडे पाहिले, मग पायाजवळच्या कोलमकडे. त्या दिवशी रुक्मिणीबाईंनी ते एवढे मोठे काढले होते की आत यायचे तर त्यावर पाय द्यावा लागला असता.

"बाईंचा घसा बसला," ते म्हणाले.

"अय्यो," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

राघवन सारांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. "मी सभागृहाच्या कॅन्टीनमध्ये जातो. आज तिथं चांगला अडई डोसा असतो," असे भिंतीला सांगितले आणि आले तसे वळले. दिवेलागणीनंतर परत आले. सांब्राणीला त्या दिवशी कोणी हात लावला नव्हता.

पोंगल झाला. कराराच्या दिवशी लेखक सकाळीच गेला. दुसरे घर मिळालेले नव्हते. रुक्मिणीबाईंनी आपली ट्रंक आवरून ठेवली होती. मेरीने आवरली नव्हती. विचारले तेव्हा म्हणाली, "मी कुठं जाणार नाही." कार्यालयात हे सांगितले असते तर मैसूरपाक आला असता. त्या क्षणी लेखकाने मात्र रिकाम्या जागांची यादी पुन्हा एकदा चाळली.

राघवन सार कागद घेऊन खाली आले आणि प्रथमच उंबरा ओलांडून आत खुर्चीवर बसले. चष्मा लावून त्यांनी एकेक कलम मोठ्याने वाचले. मांसाहाराचे कलम जसेच्या तसे होते. ते वाचून ते थांबले. मेरी भिंतीला टेकून उभी होती. रुक्मिणीबाईंनी तिचा हात धरला होता.

"मैफलींचा महिना संपला," राघवन सार कागदाकडे पाहत म्हणाले. "आता मी घरीच."

रुक्मिणीबाईंनी आवरलेल्या ट्रंकेकडे पाहिले.

"पण देवळात रामायणाचं प्रवचन सुरू झालंय. रविवारी, दहा ते बारा. माझे गुडघे दुखतात मांडी घालून. तरी जाणार आहे." मग चष्म्यावरून मेरीकडे पाहिले. "दोन तास. पुरतात ना?"

लेखकाने पेन पुढे केले. रुक्मिणीबाईंनी मेरीचा हात दाबला. हो म्हणायची ही वेळ होती, आणि यावेळी त्या होकारात काही वाईट नव्हते.

"नाही," मेरी म्हणाली. "वंजरमला पुरत नाहीत. पहिली बस भरून येते, दुसरीनं यावं लागतं. साडेबारा करा."

"प्रवचनकार बाराला संपवतो. मी काय करू?"

"मग चालत या."

राघवन सारांनी लेखकाकडे पाहिले. लेखकाने नळाकडे पाहिले. मग त्यांनी सही केली, कागदाची घडी घातली आणि उठता उठता रुक्मिणीबाईंना विचारले, रसम आजपासून येईल का.

रविवारी बारानंतर देवळाच्या वाटेवर बसथांब्याच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ हल्ली नेमाने बसलेले दिसतात. बस येतात, जातात. ते चढत नाहीत. अधूनमधून घड्याळ पाहतात.